बघ्यांच्या खोलीतला पंखा

"झोपलेल्या माणसाला हाका मारून उठवू नये, पोरी. हाकेनं आळी उठते, कोंबड्या उठतात, आणि ज्याला उठवायचं तो तेवढा कूस बदलून झोपतो. पांघरूण ओढून घे आणि गप उभी राहा."

आयोर्कोर आत्याचं हे सांगणं लामिलेला आठवलं तेव्हा ती शिडीवर चढलेली होती आणि तिच्या हातात भोंग्याचा शेवटचा स्क्रू होता. आत्या मासे धुरावणारी. तेशीच्या किनाऱ्यावर तिच्या मातीच्या भट्ट्या होत्या, घरात भाचरं-पुतणे दाटीवाटीनं निजलेले असत, आणि होड्या किनाऱ्याला लागायच्या आत त्या सगळ्यांना उठवायचं काम लहानग्या लामिलेकडे असे. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण तिचे शब्द असे मधूनच येत, आणि आले की लामिले हातातलं काम क्षणभर थांबवून ते ऐकून घेई.

"आंटी, हात सुटला तर हे धूड माझ्या डोक्यात पडेल हो," खाली शिडी धरून उभा असलेला सोवा म्हणाला.

"पडू दे," एसिनाम आपल्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "मऊ जागेवर पडेल. आवाज होणार नाही."

आवाज होऊ नये, हीच तर सगळी खटपट होती. तेशीत आवाजाची बंदी लागली होती, पेरलेला मका शांततेत वाढावा म्हणून. होमोवोच्या सणाआधी दरवर्षी लागते तशी. ढोल वाजायचे नाहीत, कर्णे ओरडायचे नाहीत, लग्नाची वरात नाही, मयताचा गलबला नाही. चर्चमधल्या ढोलांनाही कापडं गुंडाळलेली, आणि भजनाला लोक टाळीऐवजी बोटावर बोट मारत. सकाळीच वुलोमोच्या, म्हणजे गावच्या मोठ्या पुजाऱ्याच्या घरून नुमो लारिया येऊन गेले होते. पांढरं कापड खांद्यावर, हातात काठी, आणि काठीही अशी अलगद टेकवत की जणू जमिनीला दुखेल.

"लामिले बाळा," ते म्हणाले होते, "तुझा तो बैल उतरव."

"उतरवते, नुमो."

"मका वाढतोय. देव विचारात बसलेत. मागच्या वर्षी तुझा बैल हंबरला आणि मीच विसरलो, मी कुठल्या देवाशी बोलत होतो."

"चूं होणार नाही, नुमो. शब्द देते."

तर तो बैल म्हणजे भोंगा. मोडीत निघालेल्या एका मासेमारी जहाजावरचा. लामिलेनं तो हौसेनं आणून खोलीच्या कपाळावर ठोकला होता. खोलीचं कागदावरचं नाव भलंमोठं होतं, पण गल्लीत तिला सगळे 'बघ्यांची खोली' म्हणत, कारण तिथली तीन माणसं दिवसभर बसून फक्त बघत. बेकरीचे संगणक, बसवाल्यांची तिकिटं, शेजारच्या टेमा शहरातल्या मोठ्या शीतगृहाचे सर्व्हर. कुणाची डिस्क भरत आली, कुणाचं बॅकअप झालं नाही, कुणाची मशीन तापायला लागली, हे त्या मालकाला कळायच्या आधी यांना कळलं पाहिजे, असा हा धंदा. काहीच बिघडलं नाही की लोक विचारत, "ही मंडळी करतात तरी काय?" आणि बिघडलं की विचारत, "ही मंडळी करत तरी काय होती?" दोन्ही प्रश्नांना लामिले हसून पाणी देई.

गडबड दिसली की भोंगा वाजे. मग खाली शवपेट्या करणारा सुतार हातातला रंधा टाकून छातीवर क्रूस काढी, कोंबड्या अंडं अर्धवट ठेवून पळत, आणि सोवा जागा होई. डोळे उघडे ठेवून झोपण्याची विद्या सोवाला अवगत होती, म्हणूनच तर भोंगा.

आता तो पोत्यात गेला, आणि पोतं टेबलाखाली.

दुपारी फोन आला. टेमाच्या शीतगृहाचे व्यवस्थापक साफोसाहेब. मूळचे कुमासीचे, आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा.

"मॅडम, मी ऐकलं ते खरं का? भोंगा उतरवलात?"

"हो साहेब."

"आपल्या करारात स्पष्ट आहे, खोलीत इशारा वाजला पाहिजे. मग भोंगा कुठाय?"

"पोत्यात आहे."

"पोत्यात?"

"बंदी उठेपर्यंत."

"अहो, टेमातली बंदी केव्हाच उठली! त्यांचा सण होऊनही गेला. माझे मासे टेमात आहेत."

"मासे टेमात आहेत साहेब, पण भोंगा तेशीत आहे."

पलीकडे जरा वेळ नुसतं फुरफुरणं ऐकू आलं. मग साफोसाहेब म्हणाले, "हे बघा. सण तोंडावर आलाय. तुमच्याच किनाऱ्यावरच्या अर्ध्या बायकांनी सणाची मासळी माझ्याकडे ठेवलीय. उद्या सर्व्हर पडला, दारं उघडेनात, कक्ष तापला, तर तुमचा तो सोवा काय करणार? प्रार्थना? गुरुवारी मी येतो. भोंग्याशिवाय तुम्हाला वेळेत कळतं, हे माझ्या डोळ्यांसमोर दाखवा. नाहीतर टेमात नवीन लोक आलेत, हे काम त्यांना देतो. राग नका मानू."

"राग कसला साहेब. या. पाण्याला या."

फोन ठेवल्यावर मात्र लामिलेचं तोंड उतरलं. शीतगृहाचं काम म्हणजे या खोलीचा कणा. ते गेलं तर बेकरी आणि बसवाले यांच्यावर तीन माणसं जगणार नव्हती. आणि भोंगा परत चढवायचा तर नुमोंना दिलेला शब्द मोडायचा. शब्द मोडायचा विचार तिनं मनात येऊसुद्धा दिला नाही. सकाळी उठल्यावर पहिलं बोलणं देवाशी आणि दुसरं माणसांशी, हा तिचा रोजचा नेम होता. त्या पहिल्या बोलण्यात मग काय सांगणार होती ती?

"एक लाल दिवा लावू," एसिनाम म्हणाली.

लावला. पहिल्या दिवशी सगळे त्याच्याकडे टक लावून बसले. दुसऱ्या दिवशी सोवानं त्याच्यावर टोपी अडकवली.

"ती खुंटी आहे का रे?" एसिनाम ओरडली. बंदी आहे हे आठवून तिनं तेच वाक्य कुजबुजून पुन्हा म्हटलं, आणि ते जास्तच झोंबलं.

मग फोन थरथरता ठेवून सोवाच्या मांडीखाली दिला. त्या थरथरीनं सोवाला इतकी गोड गुंगी आली की तो पहिल्यांदाच डोळे मिटून झोपला. मग एसिनामनं सुचवलं, की छोट्या पंख्यापुढं तिखटाची पूड ठेवावी, गडबड झाली की पंखा सुरू, सगळे शिंकायला लागतील.

"शिंका म्हणजे आवाज," लामिले म्हणाली.

"सोवाची शिंक तर भोंग्यापेक्षा मोठी," एसिनामनं कबूल केलं.

तेव्हा लामिलेची नजर वर गेली. छताला पंखा होता. खोली पत्र्याची, आत संगणकांची ऊब, आणि खिडकी उघडायची सोय नाही, कारण खालचा सुतार शवपेट्यांना वार्निश लावी आणि त्या वासानं डोकं फिरे. सध्या तो कुठल्याशा होडीवाल्यासाठी माशाच्या आकाराची पेटी करत होता, तीही हातोडीला फडकं बांधून. अशा खोलीत तो पंखा हेच तिघांचं पांघरूण होतं. पांघरूण ओढून घे आणि गप उभी राहा.

"सोवा," ती म्हणाली, "शिडी आण."

रिले नावाची काडेपेटीएवढी डबी असते. एका बाजूनं तिला संगणकाची तार, दुसऱ्या बाजूनं पंख्याची. पहारा देणारा प्रोग्राम थोड्याथोड्या वेळानं त्या डबीला कळवत राही, की सगळं ठीक आहे. तो निरोप येत राहिला की पंखा फिरायचा. कुठं गडबड दिसली की निरोप बंद, पंखा बंद. निरोप देणारा प्रोग्रामच मेला, तरी पंखा बंद. लामिलेनं आणखी एक बारकावा घातला. एखाद्या यंत्राकडून येणारा आकडा बराच वेळ तसूभरही हलला नाही, तर तीही गडबडच समजायची.

"हे कशाला?" सोवानं विचारलं.

"जिवंत माणसाची नाडी हलते की नाही?"

"माझी हलते का बघा बरं."

"पंखा बंद पडल्यावर बघू," एसिनाम म्हणाली.

आणि पडला. पहिल्याच तासात पडला. एका घटकेत घाम कानशिलावरून हनुवटीला पोचला. सोवा असा ताडकन उठला, की एसिनामनं हातातलं सोबोलोचं पेय अंगावर सांडलं. बघतात तर बेकरीच्या संगणकाची डिस्क भरत आलेली. सोवानं धावत जाऊन जुन्या फायली हलवल्या, पंखा फिरला, आणि तिघांनी वर तोंड करून डोळे मिटले.

मग मात्र गंमत झाली. पंखा बंद पडूच नये म्हणून ही मंडळी आधीच धावू लागली. डिस्क पाऊण भरली की सोवा फोन लावी.

"बेकरी का? तुमच्या जुन्या फायली उद्या नाही, आज काढा."

"का? काही बिघडलंय का?"

"नाही."

"मग कशाला?"

"आम्हाला उकडेल."

बसवाल्यांना तर एसिनामनं इतकं भंडावलं, की त्यांचा माणूस बॅकअप झालं की स्वतःहून निरोप पाठवू लागला. निरोपाखाली लिहायचा, 'आता सुखानं वारा खा.' बंदीचे पहिले काही दिवस असे सरले, आणि बघ्यांच्या खोलीत त्या दिवसांत जितकी कामं बिघडायच्या आधी मार्गी लागली तितकी भोंग्याच्या सगळ्या कारकिर्दीत लागली नसतील.

गुरुवार उजाडला.

लामिले रोजच्यापेक्षा लवकर उठली, रोजच्यापेक्षा जास्त वेळ प्रार्थनेला बसली आणि मागताना फक्त एवढंच मागितलं, की आज माझ्या तोंडून खोटं निघू नये. खोलीत आली तेव्हा सोवानं लादी पुसली होती, पाण्याचा जग भरला होता आणि नवा शर्ट घातला होता. पंखा झुळझुळ फिरत होता. एसिनामच्या केसांतली फुलंसुद्धा हलत होती.

गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. एकदा नाही, तर सलग, लांबलचक. शेळ्या आडव्या आल्या होत्या. खाली सुताराच्या हातून ब्रश पडला.

लामिले जिना उतरून जाईपर्यंत नुमो लारिया गाडीसमोर उभे होते. साफोसाहेब मागच्या सीटवरून बाहेर आले. उंच, रुंद, टाय लावलेले, आणि बुटांना अशी चकाकी की शेळ्यांनी त्यांत आपलं तोंड पाहिलं.

"कोण आहे हा कर्णा?" नुमोंनी हळू आवाजात विचारलं.

"माझा पाहुणा आहे, नुमो," लामिले म्हणाली.

"बाबा, मला घाई होती," साफोसाहेब म्हणाले. "मी आशान्ती माणूस. कुमासीचा. तिकडे ही बंदी नसते."

"कुमासीत कान नसतात का?"

"असतात हो, पण..."

"मग घेऊन यायचे होतेस," नुमो म्हणाले. "वुलोमोच्या घरी माफी मागायला यावं लागेल. सवडीनं ये. मका थांबेल." आणि काठी अलगद टेकवत निघून गेले.

साफोसाहेबांनी खांदे उडवले. "हे माफीबिफीचं माझ्याकडून व्हायचं नाही, मॅडम. चला, फोनवर सांगितलात तो पंखा दाखवा."

वर आल्यावर त्यांना बरोबर पंख्याखालची खुर्ची दिली. पाणी दिलं. पाणी पिऊन होईपर्यंत कामाचं कुणी विचारलं नाही. विचारायचंच नसतं. साफोसाहेबांनी पेला ठेवला, रुमालानं ओठ टिपले आणि म्हणाले, "वारा छान आहे."

सोवाची छाती फुगली.

"तर मॅडम, समजा आत्ता माझा एक सर्व्हर बंद पडला. मग काय होईल?"

"हा पंखा थांबेल, साहेब."

"लगेच?"

"लगेच."

साफोसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि गालातल्या गालात हसले. "आपण जिना चढत होतो ना, तेव्हाच टेमात माझ्या हाताखालच्या यॉसननं राखीव सर्व्हरची केबल काढलीय. मीच सांगून आलो होतो. पंख्याकडे बघा."

सगळ्यांनी बघितलं. पंखा मजेत फिरत होता. जरा जास्तच मजेत.

एसिनामनं स्क्रीनकडे मान वळवली आणि पुटपुटली, "आंटी, इथं लाल आलंय."

"लाल आलंय!" साफोसाहेब म्हणाले. "पण ते कुणी पाहिलं? मी सांगितल्यावर. तुम्ही तिघंही माझ्याकडे बघत होता. मॅडम, मी तुमचा मान राखतो, पण हा खेळ आहे. लहान मुलांचा."

लामिले पुन्हा पंख्याकडे बघू लागली. तार कुठं निसटली? डबी जळली? ती रात्री निघाली तेव्हा तर सगळं नीट होतं. तेवढ्यात शेजारी कुणीतरी घसा खाकरला. सोवा. नव्या शर्टाची कॉलर घामानं चिंब झाली होती, वाऱ्याखाली उभा असूनसुद्धा.

"आंटी, पंख्याचा दोष नाही हो."

"मग?"

"सकाळी मी तार थेट जोडली. डबी वगळून." तो साफोसाहेबांच्या बुटांकडे बघत म्हणाला. "मोठा पाहुणा येणार. मध्येच पंखा थांबला, माणूस घामानं निथळला, तर काय म्हणेल? या घरात पाहुण्याला वारासुद्धा देत नाहीत?"

एसिनामनं कपाळावर हात मारला. पण हळूच, आवाज होऊ न देता.

"म्हणजे," साफोसाहेब एकेक शब्द चावत म्हणाले, "तुमची परीक्षा घ्यायला मी आलो, आणि मला उकडू नये म्हणून तुम्ही माझाच पहारा बंद ठेवलात?"

"हो साहेब."

साफोसाहेबांना हसावं की उठून जावं ते कळेना. लामिलेला सोवावर रागावता येईना. कशी रागावणार? दारात आलेल्याला आधी पाणी, आधी वारा, मग काम, हे याच खोलीत तिनंच त्याला रोज दाखवलं होतं.

"तार जागेवर लाव, सोवा," ती एवढंच म्हणाली.

सोवानं शिडी आणली, तार लावली. पंखा हळू होत होत थांबला. टेमात केबल निघालेली होतीच.

"ठीक," साफोसाहेब म्हणाले. "आता मी यॉसनला केबल लावायला सांगतो. मग फिरेल ना?"

"फिरेल."

फोन झाला. स्क्रीनवरची लाल ओळ हिरवी झाली. सगळे वर बघत बसले. पंखा थांबलेलाच. एक माशी येऊन त्याच्या पात्यावर बसली आणि पाय चोळू लागली.

"आता काय? रुसला?" साफोसाहेबांनी टाय सैल केला. "मॅडम, बिघडलाय तो. मान्य करा आणि मला जाऊ द्या."

पंखा बिघडला असता तर लामिलेला बरंच वाटलं असतं. पण तिला तसं वाटेना. ती एसिनामच्या खांद्यावरून वाकली. हिरव्या ओळींच्या तळाशी एक पिवळी ओळ होती. शीतगृहाचा मोठा कक्ष. तापमान उणे अठरा. त्यापुढे लिहिलेलं, सकाळपासून बदल नाही.

"साहेब, मोठ्या कक्षात आज माल आत-बाहेर चाललाय का?"

"चाललाय म्हणजे? रांगा लागल्यात. तुमच्याच बायका."

"मग दार सारखं उघडतंय."

"उघडणारच."

"तरी आकडा हललेला नाही. उणे अठरा म्हणजे उणे अठरा. टिंबानंतरचा आकडासुद्धा नाही हलला."

"अहो, उणे अठराच हवं! उत्तम आहे!"

"उत्तम आहे म्हणूनच भीती वाटते, साहेब. एखाद्या माणसाला हातात थर्मामीटर देऊन आत पाठवाल का?"

साफोसाहेबांनी तिच्याकडे बघितलं. तिचा आवाज नेहमीइतकाच बारीक होता. पण ती त्यांच्या खुर्चीसमोरून हलत नव्हती.

"आत सगळं ठीक निघालं, तर आपला करार इथंच संपला," ते म्हणाले.

लामिले म्हणाली, "बरं."

यॉसनला पाठवलं. मग वाट बघणं आलं. पंख्याविना ती खोली म्हणजे आत्याची भट्टी झाली. साफोसाहेबांनी कोट काढला, मग टाय काढला, मग रुमाल पिळला. सोवानं पाणी पुढं केलं तर त्यांनी ते प्यायलं नाही, मानेवर ओतलं. लामिलेचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

फोन थरथरला. साफोसाहेबांनी कानाला लावला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"काय? कॉम्प्रेसर बंद? केव्हापासून?... लादीवर पाणी?" ते उभे राहिले. "अरे मग आकडा कसा... यंत्र अडकलं? जुनाच आकडा पाठवत बसलं? मूर्खा, हलव सगळं! दुसऱ्या कक्षात..."

त्यांचा आवाज चढला आणि तिघांचे तीन हात एकदम वर आले. लामिलेनं ओठांवर बोट ठेवलं. साफोसाहेबांनी तोंड मिटलं. मग कुजबुजले, "दुसऱ्या कक्षात हलव."

पलीकडून यॉसन ओरडला ते सगळ्यांना ऐकू आलं. "काय म्हणालात साहेब? ऐकू येत नाही!"

"दुसऱ्या कक्षात!" साफोसाहेब कुजबुजले.

"कुठल्या वक्षात?"

"अरे देवा."

एसिनामनं खांद्यावरचं कापड काढून त्यांच्या हातात दिलं आणि टेबलाखाली बोट दाखवलं. आशान्ती राज्यातला तो उंच, रुंद माणूस क्षणभर थांबला. मग गुडघ्यांवर बसला, टेबलाखाली शिरला आणि डोक्यावरून कापड घेऊन फोनवर ओरडू लागला. बाहेर ते एखाद्या मधमाश्यांच्या पोळ्यासारखं ऐकू येत होतं. बाहेर राहिलेले चकचकीत बूट तेवढे शब्दागणिक उडत होते.

"वरच्या टोपल्या आधी! वरच्या!... मऊ झाल्यात? सगळ्या? फक्त कडेच्या?... सगळी माणसं लाव. रांगेतल्या बायकांना सांग, हात लावा म्हणावं, सणाची मासळी त्यांचीच आहे..."

मग आतून आवाज येईना. लामिले वाकली. कापडाखाली साफोसाहेब फोन छातीशी धरून बसले होते. कुणाशी बोलत होते ते कळलं नाही, पण शब्द स्पष्ट आले.

"मासळी वाचू दे. या बायकांचा सण वाचू दे. वुलोमोच्या घरी मी स्वतः जाईन. अनवाणी जाईन. हॉर्नची माफी मागेन. शब्द देतो."

लामिलेनं मान फिरवली. असलं बोलणं दुसऱ्यानं ऐकायचं नसतं. सोवानं मात्र ऐकलं, आणि एसिनामच्या कानाशी लागला. तिनं त्याच्या पायावर पाय दिला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. सुताराची फडक्यात गुंडाळलेली हातोडी खालून ठप ठप करत होती. मग यॉसनचा फोन आला. टोपल्या हलल्या होत्या. बायकांनी कमरेची कापडं खोचून हात लावला होता. कडेच्या थोड्या टोपल्या आजच विकाव्या लागणार होत्या, बाकी सगळं घट्ट गोठलेलं. कॉम्प्रेसरवाला आला होता आणि अडकलेलं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं होतं. एसिनामच्या स्क्रीनवर पिवळी ओळ आधी लाल झाली, मग आकडा हलला, आणखी हलला, खाली खाली घसरत गेला, आणि ओळ हिरवी झाली.

वर काहीतरी कुरकुरलं. माशी उडाली. पंखा फिरायला लागला.

साफोसाहेब टेबलाखालून निघाले. शर्ट अंगाला चिकटलेला, डोक्यावर एसिनामचं फुलाफुलांचं कापड तसंच. ते खुर्चीत बसले आणि तोंड वर करून डोळे मिटले. सोवानं पाणी दिलं. या वेळी त्यांनी ते प्यायलं.

"भोंगा असता," ते डोळे न उघडता म्हणाले, "तर वाजला असता का?"

"नसता वाजला," लामिले म्हणाली. "भोंग्याला मी काय सांगितलं होतं? लाल दिसलं तर वाज. भोंग्याच्या वेळी हे पिवळंसुद्धा झालं नसतं. हे नुसतं छान दिसलं असतं."

"हं."

"आणि सोवानं तार थेट ठेवली असती, तर पंखाही फिरतच राहिला असता," ती म्हणाली. तिला ते सांगितल्यावाचून राहवलं नाही. "चूक आमची आहे, साहेब."

"त्याला ओरडू नका," साफोसाहेब म्हणाले. "माझ्या आयुष्यात माझ्या वाऱ्याची काळजी करणारा तो पहिला माणूस." आणि पुढं म्हणाले, "पण पुन्हा केलंस तर मान मुरगाळीन."

"हो साहेब," सोवा आनंदानं म्हणाला.

"काम तुमच्याकडेच राहील, मॅडम. टेमातही असा पंखा बसवून द्या, यॉसनच्या डोक्यावर. तो तर उभ्यानं झोपतो."

एसिनामनं आपलं कापड परत घेतलं, झटकलं, आणि अगदी निरागसपणे विचारलं, "साहेब, आता गाडीनं टेमाला?"

साफोसाहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग सोवाकडे. सोवा छताकडे बघत होता.

"तुम्हा लोकांना बघण्याचेच पैसे मिळतात, ऐकण्याचे नाही," ते म्हणाले.

ते जिना उतरले. लामिले दारापर्यंत गेली, तिथंच थांबली. खाली ड्रायव्हरनं त्यांना पाहून घाईघाईनं गाडी सुरू करायला किल्ली लावली. साफोसाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. गाडीच्या पुढच्या भागाला टेकून, एका पायावर उभं राहून, त्यांनी एक बूट काढला, मग दुसरा, मग मोजे. मोजे बुटांत खोचले आणि बूट ड्रायव्हरच्या हातात दिले. सुतार माशाच्या शेपटीला रंग देता देता थांबून बघत होता. साफोसाहेबांनी त्याला वाट विचारली. कुजबुजून. सुतारानं ब्रशानं समुद्राकडे, मक्याच्या पट्ट्यापलीकडे खूण केली.

तापलेल्या वाळूवर पहिलं पाऊल पडलं तसे ते जरा उडाले. मग शेळ्यांना वळसा घालून, कुणाला काही न बोलता, वुलोमोच्या घराकडे चालू लागले.